साक्षीदाराला कमरेचं पिस्तूल दिसतं

मा. संपादक,
स. न.

शस्त्रपरवाने कडक करून खून कमी होत नाहीत, हा कालचा लेख वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही. खून कोयत्यानं होतात, गजानं होतात, नाहीतर मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यानं, मग परवानेवाल्यांच्या मागं का लागता, असं लेखक विचारतात. मस्साजोगच्या सरपंचांवरही गोळी झाडली नव्हती म्हणे. खरं आहे. पण बीड जिल्ह्यात तेव्हा हजारावर परवाने होते हे गावोगाव कळलं ते त्या खुनानंतरच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या लग्नात वरात मारुतीच्या पारापाशी आली आणि एका पाहुण्यानं हवेत तीन बार काढले. पिस्तूल परवान्याचं. तिसरी गोळी हलगी वाजवणाऱ्या पोराच्या दंडातून गेली. माझाच फेटा फाडून मी बांधला. दवाखान्याच्या कागदावर मात्र ‘पत्रा लागून जखम’. ठाण्यात मी एकटा गेलो. वरातीत दोनशे माणसं होती, साक्षीला एक नाही. पोराचा बापच हात जोडून म्हणाला, “मामा, राहू द्या. आपल्याला इथंच दिवस काढायचेत.”

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं असल्या बारांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवलाय. पण कलमाला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदाराला समोरच्याच्या कमरेचं पिस्तूल दिसतं. ही दहशत खुनाच्या कुठल्या आकड्यात धरायची, ते लेखकांनी सांगावं.

ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, तेव्हा सरकारनं पैसे मोजून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या. स्वसंरक्षण हे परवान्याचं कारणच धरायचं नाही असं ठरवलं. आपल्याकडं ‘जिवाला धोका’ लिहिलं की अर्ज पुढं सरकतो. निवडणूक लागली की हीच हत्यारं ठाण्यात जमा होतात. त्या महिना-दीड महिन्यात यातल्या कितीजणांच्या जिवाला काही झालं, तेवढं जिल्हाधिकाऱ्यांनी तपासावं आणि मगच हत्यारं परत द्यावीत.

आणखी एक. त्याच पाहुण्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात गेल्या महिन्यात तुमच्याच अंकात होती. फोटोत कमरेला तेच पिस्तूल. हलगीवाल्या पोराची बातमी मी तुमच्या वार्ताहराच्या हातात दिली होती, ती आली नाही. त्याचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

– एक वाचक, ता. केज, जि. बीड