हेमकुंडची चढण धावायची, तर घांघरियात एक रात्र जास्त काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींची पावले उत्तराखंडकडे वळतात. फुलांची दरी आणि हेमकुंड हे शिखांचे डोंगरातले तीर्थ, ही जोडसहल पुणे, नाशिक, साताऱ्याच्या लोकांना आता नवी राहिलेली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्हींच्या वाटेवरच्या मुक्कामाच्या गावात, घांघरियाच्या त्या एकुलत्या गल्लीत चहाला थांबले की शेजारच्या बाकावरून मराठी कानावर पडतेच. अलीकडे त्यात धावणाऱ्यांची भर पडली आहे. घांघरिया ते हेमकुंड किती मिनिटांत गाठले, याचे स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतात आणि पुढच्या बॅचमधला कुणीतरी तो आकडा मोडायचा चंग बांधून निघतो. मी स्वतः डोंगरात धावतो, मुलांना धावायला घेऊन जातो, म्हणून हे पत्र लिहावेसे वाटले.

त्या चढणीचा मोह पडतो हे मला पूर्ण मान्य आहे. घांघरिया साधारण 3050 मीटरवर, हेमकुंडचे तळे 4300 मीटरच्या आसपास, आणि मधले अंतर जेमतेम सहा किलोमीटर. बांधलेली दगडी वाट वळणे घेत अंगावर येते. भूर्जाची झाडे मागे पडतात, मग झुडपे, मग नुसते गवत आणि धुके. शेवटच्या टप्प्यात कपारींतून ब्रह्मकमळे दिसू लागतात. एका बाजूने उभ्या पायऱ्या वर जातात, दुसरीकडून लांबची वाट, आणि दोन्हीकडून वर पोचल्यावर एकदम समोर काळेशार पाणी, काठावर गुरुद्वारा आणि लक्ष्मणाचे छोटे मंदिर. लंगरमध्ये स्टीलच्या पेल्यातून वाफाळता चहा मिळतो. तो पेला दोन्ही हातांत धरून बसलेल्या माणसांचे ओठ जरा निरखून पाहा. अनेकांचे निळसर पडलेले असतात.

त्यातल्या काहींचे नुसत्या थंडीने पडतात, काहींचे प्राणवायू कमी पडल्याने. 4300 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर आलेला असतो, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक प्राणवायूही तेवढाच. आपला सराव कुठे होतो? सिंहगडावर, फार तर कळसूबाईवर. कळसूबाई महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. ज्या गोविंदघाटापासून हेमकुंडची वाट सुरू होते, तो पायथाच त्याहून उंच आहे. सिंहगड आठवड्यातून चार वेळा मारल्याने पोटऱ्या आणि फुप्फुसे तयार होतात, हे खरे. पण विरळ हवेची सवय शरीराला फक्त विरळ हवेत राहूनच लागते आणि तिला दिवस लागतात. दमसास चांगला असला म्हणून उंचीचा त्रास टळत नाही. उलट तरुण, तयारीचा धावपटू भराभर वर जातो, डोके दुखू लागले तरी रेटतो, आणि म्हणूनच जास्त अडचणीत येतो.

आपल्या सहलींचे वेळापत्रक पाहा. पहिल्या दिवशी डेहराडून किंवा हरिद्वार, दुसऱ्या दिवशी जोशीमठ, तिसऱ्या दिवशी घांघरिया आणि बऱ्याचदा चौथ्या दिवशी पहाटे थेट हेमकुंड. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असे उंचीच्या आजारांवर काम करणारे डॉक्टर सांगतात. इथे जोशीमठ ते घांघरिया अशी एका दिवसात अकराशे-बाराशे मीटरची उडी होते आणि दुसऱ्या सकाळी तेवढीच चढण धावत. उपाय साधा आहे आणि काही आयोजक तो पाळतातही: आधी फुलांची दरी, मग हेमकुंड. दरीची वाट साडेतीन हजारांच्या आसपास जाऊन संध्याकाळी परत घांघरियालाच आणते. एक दिवस, एक रात्र जास्त मिळते. ज्याला धावायचे आहे त्याने तर आणखी एक रात्र काढावी. डोके दुखत असेल, मळमळत असेल, रात्री झोप लागली नसेल, तर त्या दिवशी धावणे नाही, वर जाणेही नाही. बसल्या जागी धाप लागत असेल तर ताबडतोब खाली.

कपड्यांचेही तेच. घामाने भिजलेला टी-शर्ट आणि वर वारा, हे जिवावर बेतते. मे 2021 मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातल्या डोंगरी शर्यतीत 172 जण धावले आणि गारपीट, पाऊस, वारा यांत 21 जण गारठून गेले. ती शर्यत हेमकुंडच्या निम्म्या उंचीवर होती, आणि मेलेल्यांत नावाजलेले धावपटू होते. कमरेच्या पिशवीत एक वाऱ्या-पावसाचे जाकीट, एक कोरडा बनियन आणि टोपी मावते. वेळ दोन मिनिटांनी वाढला तर वाढू द्या.

आणखी एक सांगतो. ही वाट मुळात यात्रेकरूंची आहे. पंजाबहून आलेली सत्तरीची माणसे नामस्मरण करत एकेक पाऊल टाकत असतात, खेचरे उतरत असतात, कंडीवाला पाठीवर माणूस घेऊन चढत असतो. त्यांच्यामधून ‘साइड, साइड’ ओरडत उतरणे मला तरी बघवत नाही. खेचर आले की डोंगराच्या बाजूला उभे राहावे, वळणे तोडून गवतातून उतरू नये, कारण ब्रह्मकमळे नेमकी तिथेच असतात. उतरताना धावूच नये, असेच माझे मत आहे. तळ्यापाशी पोचलात की घड्याळ बंद करा, डोके झाका, लंगरमध्ये बसा.

आपल्या पुरवणीत धावपटूंवर चांगले लेख येतात. हिमालयातल्या धावेची वेळ छापताना शेजारी एवढे दोन आकडेही छापावेत: ठिकाणाची उंची, आणि धावण्याआधी त्या भागात काढलेल्या रात्री. पावसाळी बॅचची नोंदणी उन्हाळ्यातच सुरू होते. तोवर हे पत्र छापून आले, तर वेळापत्रकात एक दिवस वाढवायला आयोजकांना अजून वाव असेल.

आपला,
एक वाचक, सातारा