चोखोबांच्या समाधीपाशी थांबून जा

पंढरपूर,
आषाढ शुद्ध द्वादशी

प्रिय मित्रा,

सप्रेम रामकृष्णहरी.

वारीला निघायच्या आदल्या दिवशी तुझं पत्र हाती आलं. पिशवीत घालून इथपर्यंत आणलं, आणि आज पारणं सोडून मठाच्या ओसरीवर उत्तर लिहायला बसलोय. माळ गळ्यात आहे, एकादशी मोडत नाही, हरिपाठ तोंडपाठ आहे, पण माळ घातली त्या दिवशी जे भरून आलं होतं, ते आता येत नाही, असं तू लिहितोस. 'मी विठोबाचा' हे आता आडनावासारखं झालंय म्हणतोस.

तुझी भक्ती आटली असं मला वाटत नाही. होतं काय, की वर्षं सरतात तशा आपण वाऱ्या मोजायला लागतो, एकादश्या मोजायला लागतो. माळ मी घातली, नेम मी पाळला, पायी मी चाललो. मग देवाने आपल्याला आपलं म्हणावं हे आपल्या हक्काचंच वाटू लागतं, आणि हक्काच्या गोष्टीचं कुणाला नवल वाटत नाही.

म्हणून काल मी दर्शनाच्या रांगेत लागण्याआधी महाद्वारापाशी गेलो. नामदेव पायरीवर पाय पडू नये म्हणून लोक अंग चोरून वाट काढत होते. पायरीवर बुक्का आणि तुळशीचा नुसता चिखल झाला होता. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी. चोखोबा, म्हणजे संत चोखामेळा, मंगळवेढ्याचे. गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले, साल 1338. ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी नामदेवांनी ओळखल्या त्या त्यांतून येणाऱ्या विठ्ठलनामाच्या आवाजावरून, असं परंपरा सांगते. ज्या दारातून चोखोबांना अस्पृश्य म्हणून हयातीत आत सोडलं नाही, त्याच दारासमोर नामदेवांनी त्यांना आणून ठेवलं.

जरा विचार कर. ना गाभारा, ना पायांवर डोकं, ना हातात प्रसाद. तरी हा माणूस आयुष्यभर विठोबाला माझा म्हणत राहिला. सोयराबाई, बंका, निर्मळा, कर्ममेळा, सगळं घरच विठोबाचं होऊन गेलं. आपण देवाचे आहोत याला त्यांच्याकडे कुणाचा दाखला नव्हता, फक्त त्याचा शब्द होता. आणि हे दार सर्वांना उघडायला पुढे सहाशेहून अधिक वर्षं लागली. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी इथे पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा ते उघडलं. आज तू-मी आत जातो तर दारात कुणी 'तू कोण' म्हणून विचारत नाही. हे मला अजून पचत नाही, आणि पचू नये अशीच माझी इच्छा आहे.

रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, पाय सुजलेले. गाभाऱ्यात तिला जेमतेम एक-दोन क्षण मिळाले. पायांवर कपाळ टेकलं, तोच मागून 'चला माऊली, पुढे चला'. बाहेर येऊन तिने ओल्या कपाळाला हात लावला आणि सुनेला म्हणाली, 'घेतलं गं मला त्यानं.' तिने पाय धरले होते, पण बोलली ती त्याच्या घेण्याबद्दल. मित्रा, तुझ्या पत्राचं उत्तर त्या बाईने माझ्याआधी दिलं.

आणि हे फक्त पंढरीतच जमतं असंही मानू नकोस. पौर्णिमेला काल्यासाठी गोपाळपूरला जाईन तेव्हा जनाबाईंचं जातं पाहीन. नामदेवांच्या घरची दासी, पहाटे दळायला बसायची, आणि देव आपल्यासोबत दळतो हे तिला जात्यावरच कळलं. तू पहाटे गोठ्यात धारा काढतोस ना? हरिपाठ संध्याकाळी आहेच. पण धार काढताना, कुणी ऐकत नसताना, एकदा तोंडाने म्हण, 'विठोबा, तू मला घेतलंस.' भरून येवो न येवो, म्हण. भरून येणं त्याच्यावर सोड.

कार्तिकीला मात्र ये. यंदा ज्वारीच्या पेरणीची सबब सांगू नकोस. पेरणी धाकट्यावर सोपव. आपण आधी चोखोबांपाशी थांबू, मग रांगेत लागू. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. तुळशीची नवी माळ मागितली होतीस, ती घेतली आहे, सोबत आणतो.

तुझा,
वारीतला सोबती