फुप्फुसांना कसले स्नायू?

संपादक महोदय,

आरोग्याच्या पानांवर ‘फुप्फुसांचे स्नायू बळकट करा’ असा सल्ला अधूनमधून छापून येतो. जीवशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे गप्प बसवत नाही. हवा आत ओढणारे स्नायू फुप्फुसांत नसतातच! श्वासनलिकांभोवती स्नायूंचे पातळ वेढे असतात खरे, पण ते नळीची रुंदी कमी-जास्त करतात. दम्यात आवळतात ते हेच. मुख्य काम छातीच्या तळाशी असलेल्या श्वासपटलाचे. ते आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, आतला दाब किंचित घटतो आणि हवा आपसूक शिरते. शांतपणे श्वास सोडताना तर श्रमही नाहीत. ताणलेली फुप्फुसे आपणहून आक्रसतात.

आणखी एक. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, सोडलेल्या हवेतही १६ टक्क्यांच्या आसपास. तोंडाने दिलेला कृत्रिम श्वास म्हणून तर उपयोगी पडतो. (वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरचेही मान वर करत.)

श्वास रोखल्यावरची तगमग मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. त्यामुळे पाण्यात बुडी मारण्याआधी मुद्दाम जोरजोराने श्वास घेणे धोक्याचे: तगमग उशिरा जाणवते, शुद्ध त्याआधीच हरपू शकते. पोहणाऱ्या मुलांसाठी एवढे तरी चौकटीत छापावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका