वहिनी, ती गोळी दे

ग्लासगो, ऑगस्ट

प्रिय वहिनी,

आई-अण्णांना नमस्कार सांग. दादाने पाठवलेले फोटो मिळाले. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय म्हणजे गंगापूर धरणातून बरंच सोडलेलं दिसतंय. यंदा बागेच्या पाण्याची काळजी नको.

तुझा मेसेज रात्री वाचला. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, कारण मध्येच आई फोन घेते आणि गाडी 'जेवलीस का' वर अडते. म्हणून लिहूनच काढतेय. तुझं वाचून झालं की दादालाही दे.

शाळेत जंताची गोळी वाटली आणि तू आरवला ती घेऊ दिली नाहीस. ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की पोटात जंत असले की दमा होत नाही, आणि आरवला तर थंडी पडली की धाप लागतेच. वर 'तुझी नणंदच जंतांवर काम करते, तिला विचार' हेही ऐकून झालं म्हणे. तर हो, करते. आणि त्या मेसेजमधलं निम्मं खरं आहे, हीच पंचाईत.

आधी खरं निम्मं सांगते. आम्ही प्रयोगशाळेत उंदरांचा एक जंत वापरतो, हेलिग्मोसोमॉइड्स पॉलिगायरस नावाचा. लहान आतडं उभं कापून उघडलं की हे जंत आत दिसतात: लालसर, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे, स्प्रिंगसारखी वेटोळी करून आतड्याच्या पदराला घट्ट धरून बसलेले. चिमट्याने एकेक सोडवून मोजायचे. पहिल्यांदा किळस येते, मग मोजता मोजता दुपार कधी सरते कळत नाही. हा जंत फुफ्फुसाकडे फिरकतसुद्धा नाही. तोंडावाटे जातो, आतड्याच्या भिंतीत वाढतो आणि आतड्यातच आयुष्य काढतो. तरी त्याचा परिणाम फुफ्फुसात दिसतो.

तो बघायचा कसा, तर उंदराला एका बुरशीचा अर्क हुंगवायचा. ही बुरशी अल्टरनेरिया. दादाला विचार, कांद्यावर जांभळा करपा पडतो तो हिच्याच भाऊबंदांपैकी एकीमुळे. हवेत उडणारी जी जात आहे, तिने माणसालाही दम्याचा झटका येतो. मग फुफ्फुसात खारं पाणी सोडून परत ओढून घेतात आणि त्याचा थेंब काचेवर पसरून रंगवतात. साध्या उंदराच्या काचेवर गुलाबी दाण्यांनी भरलेल्या पेशींची गर्दी असते. या इओसिनोफिल, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी. रक्ताच्या रिपोर्टमध्ये आरवच्या वाढलेल्या निघाल्या होत्या त्याच. ज्या उंदराच्या पोटात जंत आहेत, त्याच्या काचेवर त्या कितीतरी कमी असतात.

पोटातल्या जंतांमुळे श्वासनलिकेची अ‍ॅलर्जी कमी होते हे एडिंबराच्या लोकांनी २००५ मध्ये दाखवलं. त्यांनी आणखी एक केलं. जंत असलेल्या उंदराच्या आतड्याजवळच्या लसिकागाठींतून (लिम्फ नोड्समधून) नियंत्रक टी-पेशी, म्हणजे प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशी, काढल्या आणि ज्याला कधीच जंत झाले नव्हते अशा उंदराला दिल्या. त्याचीही श्वासनलिका शांत राहिली. म्हणजे पोटात तयार झालेल्या पेशी छातीतलं भांडण मिटवत होत्या. भांडण मिटवण्याऐवजी लढायला जाणाऱ्या पेशींचंही उदाहरण आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत दिसलं की जंत झाल्यावर आतड्यात चेतवलेल्या आयएलसी-२ नावाच्या प्रतिकारपेशी लसिकेतून रक्तात आणि रक्तातून फुफ्फुसात जातात, आणि तिथे जंतांशी लढायला मदत करतात. पोटाचा आणि छातीचा डॉक्टर वेगळा असला तरी शरीराला ती वाटणी ठाऊक नसते.

मला सगळ्यांत आवडणारा भाग पुढचा आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. बुरशी आत गेली की फुफ्फुसाच्या अस्तरातल्या पेशी मरतात आणि मरताना आयएल-३३ नावाचा धोक्याचा संदेश बाहेर सोडतात. तो ऐकून आयएलसी-२ जाग्या होतात. मग इओसिनोफिल जमतात, चिकट कफ सुटतो, श्वासनलिका आवळते. आमचा जंत यावर एक प्रथिन सोडतो, एचपी-एआरआय. २०१७ मध्ये एडिंबऱ्यालाच ते सापडलं. ते एका बाजूने आयएल-३३ला पकडतं आणि दुसऱ्या बाजूने मेलेल्या पेशीच्या डीएनएला. जनावर खुंट्याला दाव्याने बांधावं तसा तो संदेश जागच्या जागी अडकतो, बाहेर पडतच नाही. जंत हे उंदराच्या भल्यासाठी करत नाही. यजमानाने त्याला हाकलू नये, एवढाच त्याचा हिशेब. दम्यातला आराम हा आपला वरकड फायदा.

आता खोटं निम्मं.

हे सगळं उंदराचं आणि एका ठरावीक जंताचं झालं. माणसांचा अनुभव सरळ नाही. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये पाहिलं, तर अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म, असलेल्यांत दमा कमी आढळला आणि गोल जंत, म्हणजे अस्कॅरिस, असलेल्यांत उलट जास्त. मग नॉटिंगहॅममध्ये दम्याच्या ३२ रुग्णांवर चाचणी झाली. काहींच्या कातडीवर अंकुशकृमीच्या १० अळ्या सोडल्या, काहींना नुसतंच खाज आणणारं औषध लावलं. २०१० मध्ये निकाल आला: १६ आठवड्यांत दम्यात म्हणावा असा फरक नाही. ग्रुपवाल्यांनी हे का टाकलं नाही कुणास ठाऊक.

आणि गोल जंताचं तर वेगळंच आहे. न धुतलेल्या भाजीतून, मातीच्या हातांनी अंडी पोटात जातात. अळ्या आतड्याची भिंत भेदून यकृतात, तिथून फुफ्फुसात पोचतात आणि साधारण १० ते १४ दिवस तिथे वाढतात. तिथे वायुकोश फोडून घशाकडे चढतात, आपण त्या गिळतो आणि मग पोटात त्या मोठ्या होतात. १९२२ मध्ये कोइनो नावाच्या जपानी डॉक्टरने २,००० अंडी स्वतः गिळून हे सिद्ध केलं. त्याच्या थुंकीतच अळ्या सापडल्या. (अण्णांना हे सांगू नको, जेवणार नाहीत.) या वाटचालीत कोरडा खोकला, धाप, छातीत घरघर होते, इओसिनोफिल वाढतात आणि एक्स-रेवर डाग येतात, ते काही आठवड्यांत आपोआप जातात. झुरिकच्या लोफ्लरने १९३२ मध्ये या प्रकाराचं वर्णन केलं. तेव्हा आरवच्या धापेवर जंत औषध ठरतील असं धरून बसण्यापेक्षा तेच कारण नाहीत ना, हे बघायला हवं. डॉक्टरांना शौचाच्या तपासणीचं विचार.

दुसरी भीती टीबीची. जंत असले की शरीराची ताकद एका प्रकारच्या प्रतिकाराकडे वळते आणि टीबीच्या जंतूला मारणारा दुसरा प्रकार ढिला पडतो. फुफ्फुसातून जाणारा एक जंत दिलेल्या उंदरांत टीबीचे जंतू जास्त वाढलेले दिसलेत. आपल्याकडे दोन्ही रोग शेजारीशेजारी नांदतात. शिवाय अंकुशकृमी आतड्यातलं रक्त पितो, आणि त्या पोराचं हिमोग्लोबिन आधीच कसं आहे ते तुला माहीत आहे.

म्हणून गोळी दे. सात वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक पूर्ण गोळी, चावून खायची. तिने जंताला साखर शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. पोटात जंत जास्त असले तर थोडं मळमळेल, त्याने घाबरू नको. त्या दिवशी ताप किंवा धाप असेल तर मात्र थांब. वाटपाच्या दिवशी राहिलेल्या मुलांसाठी नंतर मॉप-अप दिवस ठेवतात. बाईंना तारीख विचार, नाहीतर आशाताईंना. एकदा घेतली म्हणजे झालं असं नाही, जंत पुन्हा होतात, म्हणून तर वर्षातून दोनदा देतात. आईला वावडिंग द्यायचं असेल तर देऊ दे, पण गोळीऐवजी नाही. आणि डॉक्टरांनी दिलेला पंप आपल्या मनाने बंद करू नको.

बागेत अनवाणी पळणं तेवढं बंद कर. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरते. दादा म्हणेल, आम्ही नाही का तसेच वाढलो. वाढलो, आणि शाळेत असताना माझं रक्त किती कमी निघालं होतं ते त्याला आठवतं का विचार. कांद्याच्या चाळीत निवडायला बसाल तेव्हा आरवला आत घेऊ नका. सडक्या कांद्यावरची काळी बुरशी उडते, तीही त्याच्या छातीला बरी नाही.

आमच्या प्रयोगशाळेत एचपी-एआरआयसारखी प्रथिनं जंताशिवाय वापरता येतील का, हे बघणं चालू आहे. त्याचं औषध झालंच तर तुला सगळ्यात आधी कळवीन. शौचाचा रिपोर्ट आला की फोटो काढून पाठव, आणि इओसिनोफिलचा जुना रिपोर्टही, तारखेसकट.

तुझी,
सायली