वर्गणी कशासाठी, ते सांगते

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सरकार शिष्यवृत्ती देतं की, मग तुमच्या बॅचला वर्गणी कशाला?" तेव्हा ऑफिसात होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते. आमची बॅच कॉलेजातल्या गरजू पोरांच्या मेससाठी वर्गणी काढतेय.

सरकार देतं, आणि थोडंथोडकं नाही. राजर्षी शाहू महाराज योजनेत 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांची निम्मी शिक्षण फी सुटते. 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना याच उत्पन्नाच्या अटीत ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पण फी भरली की भागतं असं नाही. खोलीचं डिपॉझिट, लॅपटॉप, एसटीचं भाडं, आणि सगळ्यात मोठी मेस. शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात यायला सत्र उलटतं. मेसवाला पहिल्या तारखेलाच पैसे मागतो.

आई, सांगलीला माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी आठवते? दिवाळीत आपल्याकडे आली होती ती. मेसच्या वहीत तिच्या नावापुढे रात्रीचे खाडे ओळीने असायचे. खाडा लावला की तेवढे पैसे बिलातून वजा व्हायचे. "मामाकडे जेवायला जातेय" म्हणून सांगायची आणि लायब्ररी बंद होईपर्यंत तिथेच बसायची. सांगलीत तिला मामा नव्हताच. हे तिने स्वतःच यंदा आमच्या बॅचच्या रौप्यमहोत्सवाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, आणि त्यानंतर कॉलेजला कमान बांधून द्यायचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

आता वाद आहे तो पैसे कसे वापरायचे याचा. एक गट म्हणतो, मुद्दलाला हात लावायचा नाही. वर्गणीचे 40 लाख 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 2 लाख 80 हजार व्याज. एका मुलाच्या मेसचे वर्षाचे 28-30 हजार धरले तर नऊ-दहा मुलं जेवतील. हिशेब बरोबर आहे. पण आज सेकंड इयरला असलेल्या पोराने ठेव वाढायची वाट कुठवर बघायची? मी निम्मे ठेवीत आणि निम्मे लगेच वाटा, यावर अडून बसले आहे. आयआयटी मुंबईच्या 1998 च्या बॅचने पंचविसाव्या वर्षी 57 कोटी जाहीर केले होते. आपल्याकडे तेवढं कुठलं! पण मेस चालवायला कोटी लागत नाहीत.

अमेरिकेतल्या मित्रांचं एक त्रांगडं आहे. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्यांचे पैसे कायद्याने परदेशी देणगी ठरतात. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत. भारतीय पासपोर्टवाल्यांना ती अडचण नाही. त्यामुळे तूर्त बहुतेक भार इथल्यांवरच आहे.

आई, पोरांना स्टेजवर उभं करून चेक देऊ नका म्हणालीस, ते मी बैठकीत जसंच्या तसं मांडलं. पटलं सगळ्यांना. पैसे रेक्टरमार्फत थेट मेसच्या खात्यात जातील, नावं कुठेही लागणार नाहीत.

बाबा, तुम्ही साताऱ्याला कर्मवीर अण्णांच्या 'कमवा आणि शिका'मध्ये शिकलात. पुढे हेडमास्तर म्हणून कितीतरी पोरांचे अर्ज स्वतः भरून दिलेत. म्हणून एक काम तुमच्यावर टाकते. आमच्या अर्जाचा कच्चा मसुदा सोबत आहे. त्यात "आर्थिक विवंचनेचे स्वरूप विशद करा" असलं काहीबाही लिहिलंय. खेड्यातल्या पोराला जिथे अडेल तिथे लाल पेनने खूण करा. दाखले कमीत कमी ठेवायचेत. उत्पन्नाचा दाखला आणि मार्कशीट एवढ्यावर भागेल का, तेही कळवा. जूनमध्ये प्रवेश सुरू व्हायच्या आत अर्ज छापायचा आहे, म्हणून या आठवड्यात पाहिलात तर बरं.

आईच्या गुडघ्याचं तेल कुरिअरने पाठवलंय.

तुमची,
लेक