गुठळी किती लवकर आणि किती घट्ट

संपादक महोदय,

अतिदक्षता विभागातील नव्या उपकरणांवरील आपल्या पुरवणीतील लेखात, रुग्णाच्या खाटेजवळच रक्त गोठण्याची तपासणी करणाऱ्या यंत्रांचा विषय ‘झटपट अहवाल’ एवढ्यावरच आटोपला आहे. प्रयोगशाळेत याच चाचण्या करण्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे मला ते अपुरे वाटले.

पीटी आणि एपीटीटी या नेहमीच्या चाचण्यांत नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या काढतात आणि उरलेला प्लाझ्मा किती सेकंदांत गोठू लागतो, एवढेच मोजतात. पुढे ती गुठळी किती घट्ट झाली, प्लेटलेट्सनी तिला किती बळ दिले, ती टिकली की विरघळू लागली, हे त्या आकड्यात येतच नाही. यकृत निकामी होत आलेल्या रुग्णाचा आयएनआर (पीटीवरून काढलेला प्रमाणित आकडा) वाढलेला दिसतो, पण त्याच्या रक्तात गोठवणारे आणि गोठणे रोखणारे असे दोन्ही प्रकारचे घटक घटलेले असतात. त्यामुळे रक्तस्राव नसताना केवळ तो आकडा सुधारण्यासाठी प्लाझ्मा चढवण्यात सहसा काही हशील नसते.

या यंत्रांमागची पद्धत म्हणजे हेल्मुट हार्टर्ट यांनी 1948 साली जर्मनीत मांडलेली थ्रोम्बोइलॅस्टोग्राफी; ती संपूर्ण रक्तावर केली जाते आणि गुठळीचा जन्मापासून विरघळण्यापर्यंतचा प्रवास आलेखावर उमटवते. आलेख उशिरा रुंदावू लागला तर गोठवणारे घटक कमी आहेत किंवा रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या औषधाचा परिणाम आहे, रुंदी (म्हणजे गुठळीचा घट्टपणा) कमी भरली तर फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे बनवणारे प्रथिन) किंवा प्लेटलेट्स अपुऱ्या आहेत, आणि तो लवकर निमुळता झाला तर गुठळी अकाली विरघळते आहे, असा अंदाज बांधता येतो. रुग्णाला प्लाझ्मा द्यायचा, क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मातला फायब्रिनोजेनयुक्त भाग), प्लेटलेट्स की ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (गुठळी विरघळणे रोखणारे औषध), हे ठरवताना त्याची खरी मदत होते.

तरीही यंत्राला सर्वज्ञ मानू नये. ॲस्पिरिनचा परिणाम किंवा व्हॉन विलेब्रँड हा रक्तस्रावाचा आनुवंशिक आजार नेहमीच्या आलेखात सहसा दिसत नाही. गंभीर जखमींवर युरोपात झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयटॅक्टिक’ अभ्यासातही, या चाचण्यांवर आधारलेले उपचार नेहमीच्या चाचण्यांवर आधारलेल्या उपचारांपेक्षा एकूण निष्पत्तीत सरस ठरले नाहीत.

खाटेजवळची सर्वांत साधी चाचणी तर यंत्राविनाच होते. सर्पदंशानंतर 2 मिलिलिटर रक्त काचेच्या नव्या, कोरड्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदाच तिरकी करायची; रक्त वाहिले तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे असे समजायचे. नळी मात्र काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच ही क्रिया सुरू होते. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही पातळ राहून फसवू शकते.

यंत्रासाठी नमुना घेतानाही अशीच शिस्त लागते. सायट्रेटची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याची) नळी खुणेपर्यंत भरली नाही, म्हणजे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण चुकले, किंवा हेपॅरिन दिलेल्या कॅथेटरमधून रक्त काढले, तर चुकीचा आलेखही तितकाच झटपट मिळतो. म्हणून पुढील लेखात आपण यंत्राच्या वेगाबरोबरच, रात्रपाळीत हा नमुना कोण घेते आणि यंत्राची रोजची गुणवत्ता तपासणी कोणाकडे असते, हेही रुग्णालयांना विचारावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ