तपासच नाही, तर अडथळा कशाला?

महोदय,

इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांत कुलूपबंद घरं फुटणं आता नवं राहिलेलं नाही. मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला, आई-वडील महिना-दोन महिने त्यांच्याकडे राहून येतात, आणि परतल्यावर दाराचा कडीकोयंडा उचकटलेला दिसतो. आमच्या शेजारच्या एका काकांच्या घरातून पूजेची चांदीची भांडी गेली. त्यांनी पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि शिक्का मारलेली प्रत घेतली. गुन्हा मात्र नोंदवला गेला नाही. ‘कॅमेरे बघतो, कळवतो’ एवढ्यावर प्रकरण थांबलं. शेवटी त्यांनी माहिती अधिकारात विचारलं की माझ्या अर्जाचं पुढे काय झालं? उत्तर एका ओळीचं आलं : ‘चाही गई जानकारी धारा ८(१)(ज) के अंतर्गत प्रदाय योग्य नहीं है।’

माहिती अधिकार कायद्यातलं हे कलम मी मुद्दाम वाचून काढलं. ज्या माहितीमुळे तपासात, आरोपीला पकडण्यात किंवा त्याच्यावर खटला चालवण्यात अडथळा येईल ती देण्याचं बंधन नाही, असं ते सांगतं. तरतूद योग्यच आहे. पण इथे गुन्हाच नोंदवलेला नव्हता. मग कोणत्या तपासात अडथळा येणार होता? एकीकडे गुन्हा नोंदवायचा नाही आणि दुसरीकडे तपासाचं नाव सांगून कागद अडवायचे, यात त्या काकांनी जायचं कुठे? हे पत्र मी याच प्रश्नासाठी लिहितो आहे.

आणि समजा, तपास खरोखरच चालू असता तरी एवढं उत्तर पुरेसं नव्हतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की तपास चालू आहे एवढ्यावरून माहिती नाकारता येत नाही. ती दिल्याने तपासाला बाधा कशी येईल हे अधिकाऱ्याने दाखवायला हवं. कायद्यातही हे आहेच. नकाराची कारणं, अपिलाची मुदत आणि अपील अधिकाऱ्याचा तपशील कळवणं कलम ७(८) प्रमाणे बंधनकारक आहे. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) ने माहिती अधिकाऱ्यावर टाकली आहे, अर्जदारावर नाही. एखाद्या कागदात खबऱ्याचं नाव असेल, पीडित महिलेची ओळख असेल, तर तेवढा भाग झाकून बाकीचा द्यावा, यासाठी कलम १० आहे. अख्खी फाईल अडवण्याची गरजच नसते.

काकांनी पहिलं अपील केलं, आणि या वेळी विचारण्याची पद्धत बदलली. इथे मला वाचकांना एक गोष्ट अगदी आग्रहाने सांगायची आहे. ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर देणं या कायद्यात बसत नाही, असं म्हणून अधिकारी मोकळे होतात. कागद मागा, आणि त्याचं नाव घेऊन मागा. आपला अर्ज ज्या दिवशी दिला त्या दिवसाच्या आवक रजिस्टरच्या पानाची प्रत, अर्ज कोणाकडे चौकशीला दिला त्या नोंदीची प्रत, त्या तारखेचा रोजनामचा (म्हणजे ठाण्याची रोजची डायरी), चौकशी अहवाल असेल तर तो. गुन्हा नोंदवून नंतर प्रकरण बंद केलं असेल तर खात्मा अहवाल. विमा कंपनी हाच कागद मागते, आणि तो न्यायालयात गेला का, कधी गेला, हे फिर्यादीला बऱ्याचदा माहीतच नसतं. प्रत नको असेल तर रजिस्टर समोर बसून पाहण्याचा हक्कही कलम २(ञ) मध्ये आहे.

अपिलानंतर काकांच्या हाती आवक रजिस्टरच्या एका पानाची झेरॉक्स आली. मी ती पाहिली आहे. अनुक्रमांक, तारीख, अर्जदाराचं नाव, पुढे निळ्या शाईत ‘जाँच हेतु’, त्यापुढे एका हवालदाराचं नाव. शेवटचा रकाना होता ‘की गई कार्यवाही’, आणि तो कोरा होता. अर्जावर काहीच झालं नाही हे आता पोलिसांच्याच कागदावर होतं. ती प्रत जोडून काकांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना लेखी तक्रार पाठवली. त्यानंतर गुन्हा नोंदवला गेला. भांडी अजून मिळालेली नाहीत, पण निदान आता तपास चालू आहे असं म्हणता येतं. गुन्हा नोंदवल्यावर ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणं याच संहितेने पोलिसांवर बंधनकारक केलं आहे, आणि त्यासाठी वेगळा माहिती अर्ज करावा लागत नाही. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे चोरीसारख्या ज्या गुन्ह्यात पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात त्याची, माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगितलं होतं. अशा माहितीची नोंद ठाण्याच्या डायरीत झालीच पाहिजे, असंही त्याच निकालात आहे. रोजनामचा मागायला मी सांगतो तो म्हणूनच.

अर्ज कुठे द्यायचा, यातही लोकांची गल्लत होते. ९ डिसेंबर २०२१ पासून इंदूरला पोलिस आयुक्तालय आहे, पण सगळा जिल्हा त्याखाली येत नाही. ग्रामीण ठाण्यांसाठी वेगळे पोलिस अधीक्षक आहेत. ग्रामीण भागातल्या महूची चोरी आयुक्तालयात विचारली तर ‘हमारे यहाँ का नहीं है’ म्हणून अर्ज परत देतात, असं मी ऐकलं आहे. तसं करता येत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे चुकीच्या कार्यालयात आलेला अर्ज ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवून अर्जदाराला कळवायचं असतं. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावा, १० रुपये भरून पावती घ्यावी, आणि पावतीवरची तारीख नीट पाहावी, कारण माहिती देण्याचे ३० दिवस तिथून मोजले जातात. मुदत उलटल्यावर माहिती दिली तर प्रतींचे पैसे घेता येत नाहीत.

आपल्या लोकांना अडवते ती भीती, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. अर्ज टाकला की फोन येतो. ‘काकाजी, कागज का क्या करोगे? आ जाओ, बैठकर बात कर लेते हैं।’ बोलणं गोड असतं, पण निवृत्त माणसाची झोप उडवायला तेवढं पुरतं. घरचेच म्हणतात, पोलिसांच्या वाटेला कशाला जायचं, जाऊ दे. याच कायद्याचं कलम ६(२) सांगतं की माहिती का हवी हे अर्जदाराने सांगायची गरज नाही आणि संपर्काच्या पत्त्यापलीकडे वैयक्तिक तपशीलही त्याला विचारता येत नाही. तेव्हा असा फोन आला तर नम्रपणे एवढंच म्हणावं : जे सांगायचं ते लेखी पाठवा.

शुल्काबद्दलही बोललं पाहिजे. मध्य प्रदेशात पहिल्या अपिलाला ५० रुपये आणि भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडच्या दुसऱ्या अपिलाला १०० रुपये लागतात. केंद्र सरकारच्या कार्यालयांत अपिलाला काहीच शुल्क नाही. रक्कम मोठी नसेल, पण चुकीचा नकार अधिकाऱ्याने द्यायचा आणि त्याविरुद्ध दाद मागायला पैसे नागरिकाने भरायचे, हे न्यायाला धरून नाही. राज्य सरकारने हे नियम बदलावेत. माहितीला विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड आयोग करू शकतो. तो दंड त्या अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, एवढं जरी ठाण्यातल्या बाबूच्या मनात राहिलं तरी पुष्कळ अर्ज वेळेत निघतील.

पोलिसांवर कामाचा किती ताण आहे, हे आम्ही रोज पाहतो. राजवाड्यावर रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) निघते तेव्हा तासन् तास उभे असतात ते हेच हवालदार. सगळेच कागद उघडे करा, असं माझं म्हणणं नाही. आरोपपत्रं सरसकट सार्वजनिक करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे आणि ते मला पटतं. पण जे उघडं ठेवायला कायद्याने आधीच सांगितलं आहे, ते तरी ठेवावं. संवेदनशील गुन्हे वगळून बाकी एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. अटक केलेल्यांची नावं आणि गुन्ह्याचा प्रकार प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावावा, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ सांगतं. ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण १८ महिने जपून ठेवावं, असं २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात आहे. ठाण्यात कोणाला वाईट वागणूक मिळाली असेल तर तारीख आणि वेळ लिहून ते चित्रण लगेच मागावं, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत ते पुसू नये अशी विनंती त्याच अर्जात करावी.

पोलिस आयुक्त आणि ग्रामीण अधीक्षक या दोघांनाही माझी आपल्या वृत्तपत्रातून विनंती आहे. कलम ८(१)(ज) खाली नकार देताना गुन्हा क्रमांक आणि अडथळ्याचं कारण लिहिल्याशिवाय उत्तर बाहेर जाऊ नये, असं परिपत्रक आपापल्या माहिती अधिकाऱ्यांना काढावं. ज्या अर्जावर गुन्हाच नोंदवलेला नाही, त्याला हे कलम लावूच नये. आणि आवक रजिस्टरमधला तो शेवटचा रकाना दर महिन्याला कोणीतरी वरिष्ठांनी तपासावा.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर